एकाच लांबीचे दोन आवाज कानाला लहान-मोठे का वाटतात?

विरामचिन्ह | रविवार, रात्री ९:४०

मी श्राव्यपुस्तकांचं ध्वनिसंपादन करते. वाचकाने स्टुडिओत वाचलेलं ऐकायचं, श्वास आणि पानांची सळसळ काढायची, वाक्यांमधले विराम एकसारखे करायचे. यातलं शेवटचं काम सध्या माझा जीव खातंय.

स्क्रीनवर दोन विराम आहेत. दोन्ही बरोबर ८०० मिलिसेकंद. एक 'निघून गेला' या शब्दांनंतरचा, दुसरा 'आला नाही परत' नंतरचा. पहिला आखूड ऐकू येतो, दुसरा लांब. मोजपट्टी सांगते सारखे, कान सांगतो नाहीत. शेवटी श्रोता कानानेच ऐकणार, म्हणून मी मोजपट्टी बाजूला ठेवून कानाप्रमाणे कापते. पण असं का होतं ते कळल्याशिवाय झोप लागणार नाही.

यावरून आणखी एक खेळ करून पाहिला. देवळातल्या घंटेचा एक टोल घेतला आणि तोच तुकडा उलटा केला. लांबी तीच, एका मिलिसेकंदाचाही फरक नाही. उलटा टोल (हळूहळू वाढत जाऊन टपकन थांबणारा) चांगलाच लांब वाटतो. घरात ज्याला ऐकवला त्याने हेच सांगितलं.

कानाला वेळ मोजता येत नाही का? तुमचे अनुभव सांगा. संगीतवाले, भाषावाले, विज्ञानवाले, सगळे या.

मोरपंखी | रविवार, रात्री ९:५८

मस्त धागा! कुकरची तिसरी शिट्टी पहिल्या दोन शिट्ट्यांपेक्षा कायम लांब वाटते, विशेषतः भूक लागलेली असताना. :)

शंकासुर | रविवार, रात्री १०:१२

रोचक. पण आधी शंका. सरळ टोल आपण जन्मभर ऐकलाय, उलटा कधीच नाही. अनोळखी गोष्ट लांब वाटते, एवढंच नसेल कशावरून? ओळखीचा नसलेला आवाज घेऊन करा. ऑडॅसिटीत (ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) नुसता शुद्ध स्वर, म्हणजे एकाच कंपनसंख्येचा साधा सूर, बनवा, एकदा हळूहळू विरत नेलेला आणि एकदा हळूहळू चढवत नेलेला. तरीही फरक राहिला तर मानू.

गोलघुमट | रविवार, रात्री १०:४५

शंकासुर, हा प्रयोग झालेला आहे. विरत जाणारा आणि चढत जाणारा स्वर तंतोतंत सारख्या लांबीचे ठेवले तरी लोक विरणाऱ्याला आखूड म्हणतात. मास्सिमो ग्रासी आणि ख्रिस डार्विन यांचं २००६ चं काम याच विषयावर आहे. अनोळखीपणाचा थोडा वाटा असेलही, पण सगळा खेळ तेवढ्यावर नाही.

यामागचं मला सगळ्यात पटणारं कारण असं. निसर्गातले बहुतेक आवाज आघाताने सुरू होतात आणि मग विरत जातात. घंटा, थाळी, दरवाजा, दगड. त्यातली क्रिया घडते सुरुवातीला, पुढचं सगळं शेपूट असतं. काही भाग वस्तूच्या कंपनाचा, काही भिंतींवरून परतलेल्या आवाजाचा. कान ते शेपूट 'हे घटनेत मोजायचं नाही' म्हणून वजा करतो. उलट्या टोलात शेपूट पुढे येतं आणि वाढत जातं. वाढणारा आवाज म्हणजे काहीतरी घडतंय, जवळ येतंय, त्यामुळे त्यातला कण न् कण हिशोबात धरला जातो. शिवाय तो जिथे थांबतो ती जागा स्पष्ट असते. विरणारा आवाज नेमका कधी संपला, हे कुणी सांगावं?

'कधी संपला' यावरून भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन आठवतात. १८९५ साली हार्वर्डमधलं फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह नवंकोरं बांधून झालं आणि त्यात बोललेलं काही कळेचना, कारण बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सबाइनना ते दुरुस्त करायला सांगितलं. आजच्यासारखी ध्वनिमापक यंत्रं तेव्हा नव्हती. त्यांनी ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज ऐकू यायचा थांबेपर्यंतचा वेळ स्वतःच्या कानाने मोजायचा असा सपाटा लावला. शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून मांडायच्या, पुन्हा मोजायचं. बाहेरची रहदारी नको म्हणून हे सगळं रात्री चालायचं. वास्तूंचं ध्वनिशास्त्र तिथून सुरू झालं. म्हणजे कानाला वेळ मोजता येतो. फक्त त्याला नेमकं काय मोजायचं ते ठरवून द्यावं लागतं. आपण नुसतं 'किती लांब?' विचारलं की तो स्वतःच्या मनाने शेपूट कापून उत्तर देतो.

आता विरामचिन्ह यांच्या विरामांबद्दल. 'गेला' चा शेवटचा 'आ' खोलीत थोडा रेंगाळतो. स्क्रीनवर लाट सपाट दिसली तरी खाली बारीक घुमणं शिल्लक असतं आणि ते विरामाचा पहिला भाग खातं. 'परत' मधला 'त' जीभ दातांना टेकवून आवाज कापतो, त्यामुळे शांतता लगेच सुरू होते. तुम्ही आवाजाचा शेवट डोळ्याने धरताय, श्रोता कानाने धरतो.

मोरपंखी | रविवार, रात्री १०:५२

ही पोस्ट जपून ठेवतेय. गाद्यांचा किस्सा भारीच.

मिरजेचा_तबला | सोमवार, सकाळी ७:२०

रिकाम्या आणि भरलेल्या वेळेचा मुद्दा अजून कुणी काढला नाही, म्हणून लिहितो.

विलंबित एकताल शिकताना आमच्या गुरुजींची एक रीत होती. ते डग्ग्यावर एक 'धिं' द्यायचे आणि हात मांडीवर ठेवायचे. पुढच्या मात्रेला आम्ही टाळी द्यायची. लय अशी संथ की एका मात्रेला चार-पाच सेकंद. सगळ्या पोरांच्या टाळ्या आधी पडायच्या. एकाचीही उशिरा नाही. मग ते सांगायचे, 'अंगठा पेरांवर फिरव.' करंगळीच्या तीन पेरांवरून अंगठा पुढच्या बोटाच्या पहिल्या पेरावर आला की मात्रेचे चार तुकडे झाले. तेवढं केलं की टाळी जागेवर.

दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण दीड-दोन सेकंदांच्या पलीकडे गेलं की ते लय म्हणून जाणवणं बंद होतं. उरतो एक ठोका, एक पोकळी आणि मग दुसरा ठोका. अति विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभराच्या आसपास जातं. एवढ्या वेळात नुसत्या बारा मात्रांच्या भरवशावर कुणीही समेवर येणार नाही. म्हणून ठेक्यात तिसऱ्या मात्रेला 'धागे' आणि चौथीला 'तिरकिट' आहे. गाणाऱ्याला मात्रेचे दोन आणि चार तुकडे ऐकू येतात. शिवाय तबलजी मधल्या जागा बारीक बोलांनी भरत राहतो. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ झुमरा तालात इतके निवांत गात, त्यांच्यामागे ठेका धरणं ही वेगळीच तपश्चर्या असणार.

मला वाटतं मोकळा वेळ कानाला धरता येत नाही. त्यात काहीतरी पेरलं की धरता येतो.

गोलघुमट | सोमवार, सकाळी ८:०५

मिरजेचा तबला, अगदी मोलाचं लिहिलंत. प्रयोगशाळेतही हेच दिसतं. दोन टिचक्यांमधला रिकामा वेळ आणि मध्ये आणखी टिचक्या पेरलेला तेवढाच वेळ ठेवला, तर भरलेला लांब वाटतो. कार्ल फॉन फीरॉर्ट यांनी १८६८ मध्येच नोंदवलंय की माणसं छोटे कालखंड वाढवून सांगतात आणि मोठे कमी करून. तुमच्या वर्गातल्या टाळ्या आधी का पडल्या ते फीरॉर्ट यांच्या नोंदीवरून समजतं.

फाटकाजवळचा | सोमवार, दुपारी १:३०

आमचं घर रेल्वे फाटकापासून हाकेच्या अंतरावर. रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेलं असतं, म्हणजे सीटी, फाटक. तिथून ड्रायव्हर भोंगा धरतो. येणाऱ्या गाडीचा भोंगा संपता संपत नाही आणि निघून गेलेल्या गाडीचा कधी विरला ते कळतही नाही. गोलघुमट यांनी 'जवळ येतंय' म्हटलं तेव्हा हेच डोळ्यांसमोर आलं. रात्री दोनच्या मालगाडीला हे जास्तच लागू पडतं. :)

गोलघुमट | सोमवार, दुपारी २:१०

बरोबर. जॉन न्यूहॉफ यांनी १९९८ मध्ये 'नेचर' मध्ये दाखवलं होतं की आवाज सारख्याच प्रमाणात वाढला आणि उतरला तरी वाढ आपल्याला मोठी वाटते. येणाऱ्या संकटाला थोडं जास्त मोजणं जिवाच्या फायद्याचं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

अनुस्वार | सोमवार, संध्याकाळी ६:४५

भाषेच्या अंगाने लिहितो. आवाजाच्या लांबीवर आपल्याकडे फार पूर्वीपासून विचार झालाय. ह्रस्वाला एक मात्रा, दीर्घाला दोन, प्लुताला तीन. पाणिनीच्या सूत्रात उ, ऊ, ऊ३ अशी चढती लांबी घेतली आहे आणि परंपरा सांगते की ती कोंबड्याच्या आरवण्यावरून घेतली. पाणिनीय शिक्षेत तर पक्ष्या-प्राण्यांचं मापच दिलंय: चाष (नीलकंठ पक्षी) एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन आणि मुंगूस अर्धी. घड्याळ नसताना लांबी ठरवण्याचा याहून चांगला मार्ग कुठला? प्रत्येकाच्या कानात असलेला आवाजच प्रमाण म्हणून दिला.

लांबून हाक मारताना शेवटचा स्वर प्लुत करावा असंही पाणिनीने सांगितलंय, 'दूराद्धूते च'. आजही चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरून खाली खेळणाऱ्या पोराला हाक मारताना आई तेच करते. आपण ते लिहिताना अवग्रह घालतो: 'बंड्याऽऽऽ'.

कोबेकर | सोमवार, संध्याकाळी ७:३०

अनुस्वार, हे आवडलं. पण आजच्या मराठी कानाला ही लांबी खरंच ऐकू येते का? मी बरीच वर्षं जपानात आहे. इथे 'ओजिसान' म्हणजे काका आणि 'ओजीसान' म्हणजे आजोबा. फरक फक्त 'जी' किती वेळ धरला याचा. पन्नाशीच्या शेजाऱ्यांना आजोबा म्हटलेलं कुणाला आवडेल? व्यंजनांचंही तसंच. 'किते' आणि 'कित्ते' वेगळे. यातलं 'कित्ते' मला पहिल्या दिवसापासून ऐकू आलं, कारण आपल्याकडे पक्का, कच्चा, घट्ट आहेत. पण 'जि' आणि 'जी' साठी कान तयार व्हायला फार वेळ लागला. बरोबरच्या फिनिश मैत्रिणीला दोन्ही सहज जमलं. त्यांच्याकडे 'तुली' म्हणजे आग, 'तूली' म्हणजे वारा आणि 'तुल्ली' म्हणजे जकात.

शंकासुर | सोमवार, रात्री ८:०२

असहमत. 'दिन' आणि 'दीन' मला स्वच्छ वेगळे ऐकू येतात.

अनुस्वार | सोमवार, रात्री ८:४०

शंकासुर, लिहिलेलं समोर असताना ऐकू येतात. कुणीतरी बोलत असताना, संदर्भ न देता, नुसता शब्द ऐकून लिहून बघा. मराठीत इकार-उकाराची लांबी बरीचशी शब्दातल्या जागेवर ठरते. शब्दाच्या शेवटी आपण तो लांबवतोच, म्हणून १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी 'कवी', 'गुरू' दीर्घ केले. 'गरीब' मधला 'री' लांब आणि 'गरिबाला' मधला 'रि' आखूड, हेही बोलण्याला धरूनच आहे. पण ज्या भाषेत लांबी जागेवरून ठरते, तिथल्या कानाला केवळ लांबीवरून अर्थ ओळखायची सवय राहत नाही. कोबेकरांचा अनुभव मला म्हणूनच पटतो. अ-आ चा फरक आपल्याला पक्का कळतो, कारण तिथे लांबीबरोबर तोंडाचा आकारही बदलतो.

चिंचगुळाची_आमटी | सोमवार, रात्री ९:१५

मग मुलांचे ह्रस्व-दीर्घाचे गुण का कापतात? जे कानाला ऐकू येत नाही ते पाठ करून लिहायचं आणि चुकलं की लाल रेघ. माझ्या लेकीचा निबंध इतका सुंदर होता आणि बाईंनी फक्त वेलांट्या मोजल्या.

शंकासुर | सोमवार, रात्री ९:२२

कारण लेखनाला एक शिस्त लागते. उद्या प्रत्येकाने स्वतःच्या कानाप्रमाणे लिहिलं तर वाचणार कोण?

चिंचगुळाची_आमटी | सोमवार, रात्री ९:३०

शिस्त हवीच. पण आधी कान तयार करा, मग गुण कापा. वर्गात कविता चालीवर म्हणून घेतल्या, लघु-गुरूंवर टाळ्या दिल्या, तर पोरांना लांबी अंगात भिनेल. आम्हाला भुजंगप्रयात तसाच शिकवला होता, आजही विसरले नाही.

संपादक मंडळ | सोमवार, रात्री ९:५०

शुद्धलेखनावर स्वतंत्र धागा आहे, पुढची चर्चा कृपया तिथे करावी. इथे आवाजाच्या लांबीवर बोलू.

तारमास्तरांची_लेक | मंगळवार, सकाळी ११:१०

मंडळाचं ऐकून मूळ विषयावर येते.

माझे वडील विदर्भातल्या तारघरांत मास्तर होते. आता ऐंशी पार केलीय. लोकांना वाटतं तारेत 'टूं टूंऽऽ' असा आवाज येतो, टिंब आखूड आणि रेघ लांब. तो रेडिओवरचा मोर्स. तारघरातल्या साउंडरमध्ये (आलेली तार ऐकवणाऱ्या यंत्रात) स्वर नसतोच. लोखंडी पट्टी खाली बसली की 'कट्', वर गेली की 'टक्'. दोन टिचक्यांमध्ये पूर्ण शांतता. ती आखूड असली तर टिंब, तिच्या तिप्पट असली तर रेघ. म्हणजे आयुष्यभर त्यांनी रिकाम्या वेळेची लांबी ऐकून इंग्रजी शब्द उतरवून घेतले, तेही शेजारी दुसरी दोन यंत्रं वाजत असताना.

काल त्यांना धागा वाचून दाखवला. तबल्याची पोस्ट ऐकून ते हसले आणि म्हणाले, मोजायला गेलास की चुकलास. शिकाऊ पोरगा टिंब-रेघ मोजतो, मुरलेला माणूस अख्ख्या अक्षराची चाल ऐकतो. मग त्यांनी टेबलावर पेन्सिलीच्या दोन टोकांनी 'ए' आणि 'एन' वाजवून दाखवले. एकात टिंब आधी, दुसऱ्यात रेघ आधी. मला एकसारखेच ऐकू आले. त्यांनी तिसऱ्यांदा वाजवल्यावर कुठे वेगळेपण कळलं.

मिरजेचा_तबला | मंगळवार, दुपारी १२:००

काकांना माझा नमस्कार सांगा. 'अख्ख्या अक्षराची चाल' हे वर्गात पोरांना सांगणार आहे. आमच्याकडेही 'तिरकिट' चे चार बोल कुणी मोजत नाही, एक शब्द म्हणून हातातून जातो.

कोबेकर | मंगळवार, दुपारी १२:२५

ताई, वडिलांना एक विचारा ना. पलीकडे कोण बसलंय हे नुसतं ऐकून कळायचं का?

आकाशवाणीप्रेमी | मंगळवार, दुपारी ३:३०

शांततेवरून सांगतो. ३० जानेवारीला सकाळी अकराला भोंगा होतो आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. ऑफिसात ती दोन मिनिटं दहासारखी वाटतात. शोकसभेत भोंगा नसतो आणि वेळ सभापतीच्या हातात, तेव्हा दोन मिनिटं हमखास आधीच आवरतात.

गोलघुमट | मंगळवार, संध्याकाळी ५:१५

शांततेची लांबीसुद्धा कानाला फसवते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की सलग एक शांतता आणि तेवढीच पण दोन तुकड्यांत दिलेली शांतता यांत सलग असलेली लांब वाटते. आवाजांच्या बाबतीत हा भास आधीपासून माहीत होता. तो शांततेतही तसाच होतो, म्हणजे आपण शांतता फक्त मनाने ओळखत नाही, ती ऐकतो, असं त्यांचं म्हणणं. विरामचिन्ह, तुमच्या कामाला हे उपयोगी आहे. विरामाच्या मध्ये श्वास ठेवलात तर विराम आखूड वाटेल.

सूरसंगत | मंगळवार, रात्री ९:००

डोळ्यांचं काय? मैफलीत गायिका हात लांबवून आकार घेते तेव्हा तो स्वर रेडिओवरच्यापेक्षा लांब वाटतो. माझा पक्का अनुभव आहे.

गोलघुमट | मंगळवार, रात्री ९:३५

मायकेल शुट्झ आणि स्कॉट लिप्सकोम यांचं २००७ चं मारिंबावरचं (लाकडी पट्ट्यांवर आघात करून वाजवायचं वाद्य) काम याला जवळचं आहे. वादकाने एकदा हात लांब फिरवून आघात केला, एकदा आखूड. नुसतं ऐकणाऱ्यांना दोन्ही स्वर सारखे. बघत ऐकणाऱ्यांना लांब हाताचा स्वर लांब वाटला, डोळ्यांकडे दुर्लक्ष करा असं सांगूनही. मात्र पुढे त्याच हालचालींना माणसाचा किंवा क्लॅरिनेटचा आवाज जोडला, तेव्हा हा परिणाम उरला नाही. आघाताने उमटू शकेल असाच आवाज असेल तर डोळ्याचं म्हणणं कान ऐकतो. त्यामुळे गायिकेच्या हातावर हे जसंच्या तसं लावता येणार नाही.

सूरसंगत | मंगळवार, रात्री ९:५०

तरी मी माझ्या अनुभवावर ठाम आहे. :) तिथे प्रयोगातला एकटा स्वर होता. इथे राग उभा असतो, आपण पुढच्या स्वराची वाट बघत असतो.

विरामचिन्ह | बुधवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. शंकासुर यांनी सांगितलं तसं शुद्ध स्वर घेऊन केलं. फरक राहतो. घंटेइतका नाही, पण स्पष्ट राहतो. चढणारा स्वर कापत कापत आणला तेव्हा कुठे विरणाऱ्याच्या बरोबरीचा वाटला. म्हणजे अनोळखीपणाचा वाटा आहे, आणि त्याखाली कानाचा स्वभावही आहे.

विरामांचंही कोडं सुटलं. हेडफोनवर आवाज खूप वाढवून ऐकलं तर 'गेला' नंतरचं घुमणं साफ ऐकू येतं. आता विराम लाटेच्या टोकापासून न मोजता घुमणं विरल्यापासून मोजते. आणखी एक बदल केला. पूर्वी विरामात पूर्ण शून्य टाकायचे, आता खोलीचीच हलकी शांतता भरते. शून्य टाकलं की विराम खड्ड्यासारखा लांब वाटायचा, ते थांबलं.

शंकासुर | बुधवार, रात्री १०:४४

मानलं. पण एक विचारतो: शून्य टाकलेला विराम लांब वाटला, म्हणजे इथे रिकामं जास्त वाटलं आणि भरलेलं कमी. तबल्याच्या आणि टिचक्यांच्या उदाहरणात भरलेलं जास्त वाटत होतं. हे कसं बसवायचं?

गोलघुमट | बुधवार, रात्री ११:२०

चांगला प्रश्न. टिचक्या ही घटना आहे, खोलीची शांतता ही पार्श्वभूमी. घटना पेरल्या की वेळ वाढतो. पार्श्वभूमी सलग ठेवली की काहीच घडलं नाही असं कान धरतो. शून्य टाकल्यावर मात्र पार्श्वभूमीच तुटते, आणि ते तुटणं हीच एक घटना होते. हा माझा तर्क आहे. विरामचिन्ह, विरामात एकदा सलग खरखर आणि एकदा तुटक खरखर ठेवून बघाल का?

तारमास्तरांची_लेक | गुरुवार, सकाळी १०:०५

कोबेकर, वडिलांना विचारलं. ते म्हणाले, नाव कळायच्या आधी हात कळायचा. कुणाची रेघ तिपटीहून जरा जास्त ताणलेली, कुणाचं टिंब इतकं तुटक की पट्टी खाली बसली की नाही अशी शंका यावी. एक मास्तर दोन शब्दांमधलं अंतर नेहमी कमी ठेवायचे, त्यांची तार उतरवताना शब्द एकमेकांना चिकटायचे. त्यांची बदली झाली तेव्हा नव्या गावाहून पहिली तार आली आणि सही येण्याआधीच वडिलांनी इकडे सगळ्यांना सांगितलं की साहेब पोचले.